बाबांचं सोडियम ११८ वर आलं : मीठ कमी पडलं की पाणी जास्त झालं?

देवळीची लेक | १७ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

माझे बाबा ७१ वर्षांचे. अंगानं सडपातळ, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईसोबत राहतात. बीपी जुनंच आहे. मार्चअखेर ते १७० च्या वर गेलं म्हणून गोळी बदलून मिळाली. नव्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन आहे, हे मला आता कळलं. तेव्हाच "मीठ कमी करा" असंही सांगितलं होतं. बाबा सांगितलेलं शब्दश: पाळणारे. लोणचं बंद, पापड बंद, भाकरीच्या पिठातलं मीठसुद्धा आईला बंद करायला लावलं. त्यात एप्रिलपासून ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. मी रोज फोनवर एकच सांगायची, बाबा पाणी प्या. ते प्यायचे. माठाशेजारी तांब्या ठेवलेला, येता-जाता भरून घ्यायचे. जेवण मात्र उतरलं होतं. सकाळी अर्धी भाकर, रात्री दोन घास भात, बस.

११ तारखेपासून मळमळ सुरू झाली. मग डोकं दुखायला लागलं, चालताना तोल जायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्या. त्या रात्री बाबांनी आईला विचारलं, "बैल सोडले काय वं? गोठ्यात दिसून नाही राहिले." बैल आम्ही चार वर्षांपूर्वी विकले. पहाटे हाक मारली की डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. १४ तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. सोडियम ११८.

आज १३१ आहे. बोलतात, ओळखतात, चहा मागतात. फाईल माझ्या मांडीवर आहे म्हणून आकडे लिहिते : पहिल्या दिवशी रक्ताची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे घट्टपणा) २४६, लघवीची ४१०, लघवीतलं सोडियम ६२. डॉक्टर राउंडला एवढंच म्हणाले की हार्मोननं पाणी धरून ठेवलं होतं. वॉर्डात गर्दी, पुढे विचारता आलं नाही.

मला हे समजून घ्यायचंच आहे. मीठ सोडल्यानं सोडियम कमी झालं असेल, तर लघवीतून एवढं सोडियम जात का होतं? आणि मीठ वाढवायचं सोडून त्यांनी पाणी का तोडलं? दिवसाला फक्त एक लिटर सांगितलंय. वर्ध्याच्या मे महिन्यात.

---

आशाताई धानोरा | १७ मे, रात्री १०.५२

ताई, बाबा बोलायला लागले हे वाचून बरं वाटलं. आमच्या गावातही मागच्या उन्हाळ्यात एक आजी अशाच बरळायला लागल्या होत्या. घरच्यांनी आधी पुजाऱ्याकडे नेलं, दोन दिवस गेले.

मी उन्हाळाभर घरोघरी ओआरएसच्या पुड्या देते आणि पाणी प्या म्हणून सांगते. मग मी काही चुकीचं सांगते आहे का? कुणी जाणकारानं लिहा. उद्या सकाळी मला परत गावात फिरायचं आहे.

---

संत्राबाग | १८ मे, सकाळी ६.२०

देवळीच्या ताई, मी काटोलकडचा. वीसेक वर्षं नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी फक्त आतलं काम कसं चालतं ते सांगतो. तुमच्या फाईलमधले तीन आकडे इतके बोलके आहेत की वर्गात हीच फाईल ठेवून शिकवलं असतं.

आधी एक घरगुती गोष्ट. वरण अळणी लागलं, तर मीठ कमी पडलेलं असतं किंवा पाणी जास्त झालेलं असतं. जिभेला दोन्ही सारखंच लागतं. सोडियमची तपासणी त्या जिभेसारखी आहे. एका लिटरमागे मीठ किती एवढंच ती सांगते, अंगात एकूण मीठ किती आहे ते तिला कळत नाही. १३५ ते १४५ हे नेहमीचं. ११८ म्हणजे बाबांचं रक्त अळणी झालं होतं, आणि त्याचं मोठं कारण पाणी होतं.

आता किडनी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्या पाण्यात किती मीठ असतं माहीत आहे? जवळजवळ दीड किलो. आपण खातो आठ-दहा ग्रॅम आणि गाळलं जातं दीड किलो, म्हणून गाळलेलं जवळपास सगळं परत रक्तात ओढून घ्यावंच लागतं. दोन तृतीयांश पहिल्याच वळणावर परत येतं, पाव हिस्सा पुढच्या लांब वळणावर, थोडं त्यापुढे. अगदी शेवटी दोन-तीन टक्के उरतात, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. हे ठेवायचं की सोडायचं, हे ठरवतं ॲल्डोस्टेरॉन. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी आहे, तिच्या सालीत ते तयार होतं. १९५३ मध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या जोडीनं स्विस सहकाऱ्यांसोबत ते शुद्ध रूपात वेगळं केलं. दोन-तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही ग्रंथी निकामी झाली तर माणूस मीठ गमावत गमावत कोसळतो.

पाण्याचा कारभार दुसऱ्या हार्मोनकडे. त्याचं नाव व्हॅसोप्रेसिन, पुस्तकात एडीएच म्हणतात. मेंदूच्या बुडाशी तयार होतं, पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठतं. रक्त जरा घट्ट झालं की सुटतं आणि किडनीच्या शेवटच्या नळ्यांना पाण्याची दारं उघडायला लावतं. पाणी रक्तात परत जातं, लघवी घट्ट होते. रक्त पातळ झालं की हे हार्मोन थांबायला हवं. मग दारं मिटतात आणि पाण्यासारखी लघवी भरपूर होते.

आता बाबांचे आकडे बघा. रक्त २४६, म्हणजे फार पातळ. अशा वेळी लघवी १०० च्या खाली यायला हवी होती. ती होती ४१०. रक्त पातळ आणि लघवी घट्ट! पाणी बाहेर टाकायची इतकी गरज असताना दारं सताड उघडी होती आणि पाणी उलट आत येत होतं. डॉक्टर "हार्मोननं पाणी धरून ठेवलं" म्हणाले ते याला.

हार्मोन थांबलं का नाही? मळमळ हे व्हॅसोप्रेसिन सोडायला लावणारं फार जबर कारण आहे. वेदना, न्यूमोनिया, काही औषधं, बिडी-सिगारेटमधलं निकोटिन, यांनीही ते सुटतं. बाबांना मळमळ होतीच. आणि दुसरं, ती गोळी. क्लोरथॅलिडोन नळीच्या ज्या भागावर बसतं, त्याच भागात मीठ काढून घेऊन लघवी पातळ करायचं काम चालतं. ती जागा अडली की माणसाला पातळ लघवी करताच येत नाही. घट्ट करायची यंत्रणा मात्र शाबूत राहते. लघवीत ६२ सोडियम का, याचंही उत्तर इथेच आहे. मीठ बाहेर टाकणं हेच त्या गोळीचं काम, म्हणून तर बीपी उतरतं. वर टेल्मिसार्टननं ॲल्डोस्टेरॉनचा हात आवळून धरलेला. जेवणात मीठ बंद, लघवीत चालूच, आणि वरून तांब्यावर तांब्या पाणी.

म्हणून पाणी तोडलं. उद्या अजून लिहितो, जेवणाचाही यात मोठा हात आहे. तोवर एक करा, घरी असलेल्या कुणाला तरी त्या तांब्यात किती पाणी मावतं ते मोजायला सांगा.

---

बारावी२ची तयारी | १८ मे, सकाळी ९.०५

सर, माझी नीटची तयारी चालू आहे आणि इथेच माझा नेहमी घोळ होतो. ॲल्डोस्टेरॉननं सोडियम परत घेतलं की पाणीही मागोमाग येतं असं वाचलंय. मग दोन्ही हार्मोन पाणीच वाढवतात ना? फरक काय?

---

संत्राबाग | १८ मे, सकाळी ९.४०

चांगला प्रश्न आहे बाळा. ॲल्डोस्टेरॉन मीठ आणतं, मिठामागे त्याच्या प्रमाणात पाणी येतं. म्हणून रक्ताचा एकूण साठा वाढतो, खारटपणा फारसा बदलत नाही. व्हॅसोप्रेसिन नुसतं पाणी आणतं, म्हणून खारटपणा उतरतो. पहिलं सांभाळतं साठा, दुसरं सांभाळतं घट्टपणा.

त्यांना जागं करणारी खूणही वेगळी. किडनीत येणाऱ्या रक्ताचा दाब कमी झाला, की किडनी रेनिन सोडते. त्याचा शोध १८९८ मध्ये स्वीडनमध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशांवर लावला. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि त्याच्या सांगण्यावरून ॲल्डोस्टेरॉन सुटतं. रक्तात पोटॅशियम वाढलं तरी ॲल्डोस्टेरॉन थेट सुटतं, कारण सोडियम आत घेताना पोटॅशियम बाहेर टाकणं हेही त्याचंच काम. व्हॅसोप्रेसिनची खूण म्हणजे रक्ताचा घट्टपणा. १९४७ मध्ये व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मानेतल्या रोहिणीत मिठाचं घट्ट पाणी टोचून दाखवलं की मेंदूला ते लगेच कळतं आणि लघवी कमी होते.

वेगही लक्षात ठेव. ॲल्डोस्टेरॉन पेशीच्या केंद्रकात जाऊन नवी प्रथिनं बनवायला लावतं, त्याला तास-दीड तास लागतो. व्हॅसोप्रेसिन तयार असलेली दारं भिंतीत आणून बसवतं, मिनिटांत काम. ती दारं म्हणजे ॲक्वापोरिन. पाण्याच्या या मार्गांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. रक्ताचा साठा फारच घटला, तर व्हॅसोप्रेसिन घट्टपणाकडे बघत नाही. रक्त पातळ असलं तरी ते सुटतं, कारण शरीराला आधी साठा राखायचा असतो. परीक्षेत यावर प्रश्न येवो न येवो, वॉर्डात हे रोज दिसतं.

---

नांगरधारी | १८ मे, दुपारी १.१५

सर्वांचा मान ठेवून लिहितो. हा धागा वाचून लोक पाणी प्यायला घाबरतील, आणि ते मला पटत नाही. तीन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ उन्हाळवाहीच्या वेळी शेतात पडला. सकाळी ७ ला गेला होता, दुपारी दीडला आम्ही उचलून आणला. अंग असं तापलेलं की हात ठेववत नव्हता, आणि घाम एक थेंब नाही. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. त्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी तसंच होतं. कामाच्या नादात प्यायलाच नव्हता. आम्ही गावात पोरांना ओरडून ओरडून पाणी प्यायला लावतो.

---

संत्राबाग | १८ मे, दुपारी ३.५०

दादा, तुमचं दु:ख मोठं आहे आणि तुमचा मुद्दा बरोबर आहे. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण माझ्या पोस्टमधून हा फरक नीट आला नव्हता.

तुमचा भाऊ आणि ताईंचे बाबा, दोघांचं शरीर एकाच उन्हात दोन टोकांना होतं. नांगरामागे चालणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. घामात पाणी जास्त आणि मीठ कमी, म्हणून त्याचं रक्त घट्ट होत जातं. त्याला पाणी हवंच, तहान लागायची वाट न बघता हवं, आणि दिवसभराचं काम असेल तर मीठही हवं. पोरांना ओरडून पाणी पाजता ते सोडू नका. ताईंचे बाबा घरात, सावलीत, फारसा घाम नाही, जेवण अर्धं, वय ७१ आणि वर ती गोळी. त्यांच्यासाठी "तहान असो नसो, पीत राहा" हा सल्ला उलटला.

उन्हात कुणी बरळायला लागलं तर कारण घरी ओळखता येत नाही. अंग तापलेलं असेल तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि दवाखान्यात सोडियम, साखर तपासा म्हणून विचारा.

आशाताई, तुम्ही चुकीचं सांगत नाही. जुलाब, उलट्या, उन्हातलं काम, यांत पुडी जीव वाचवते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं देऊन असंख्य माणसं वाचवली. आतड्यात साखरेसोबत सोडियम आत ओढलं जातं आणि मागून पाणी, म्हणून साखर हवीच. एक पुडी पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. फक्त बीपी, हृदय, किडनीच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रोज सवयीनं पुडी देऊ नका. त्यांना मळमळ, तोल जाणं, बरळणं दिसलं की सरळ रक्त तपासायला पाठवा. तुमच्या वहीत घरोघरी गोळ्यांची नावं उतरवून घेता आली तर फारच चांगलं.

---

खारपाण | १८ मे, रात्री ८.३०

सर, मी दर्यापूर तालुक्यातला. आमच्या इकडे पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पानी तोंडात घेतलं की खारट लागते. डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही. आता नळाचं गोड पानी येते, पन रोज येत नाही. माय चाळीस वर्षं तेच खारं पानी पिली. तिले बीपी हाय, पायावर सूज येते. तुम्ही लघवीतून मीठ जायची गोष्ट सांगून राहिले, तर इतकं मीठ तिच्या अंगातून जात कसं असन?

---

संत्राबाग | १८ मे, रात्री ९.४५

मीठ जास्त आलं की उलटी चाल सुरू होते. रेनिन उतरतं, ॲल्डोस्टेरॉन उतरतं, शेवटच्या दोन-तीन टक्क्यांतलं मीठ सोडून दिलं जातं. वर तिसरं एक हार्मोन मदतीला येतं, आणि ते येतं हृदयातून. रक्ताचा साठा वाढला की हृदयाच्या वरच्या कप्प्यांना ताण बसतो, तिथून ते सुटतं आणि किडनीला मीठ-पाणी सोडायला लावतं. १९८१ मध्ये कॅनडात आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांची लघवी आणि लघवीतलं मीठ एकदम वाढलं. हृदय रक्त ढकलतं एवढंच आपण शिकलो होतो, ते किडनीशी बोलतंही हे तेव्हा कळलं. मला आजही ही गोष्ट सांगताना आनंद होतो.

पण मीठ बाहेर जायला पाणी लागतं. माणसाची किडनी लघवी फार तर १२०० पर्यंत घट्ट करते, पुढे नाही. म्हणून खारं पाणी पिणाऱ्याला तहान जास्त. तुमच्याकडचं पाणी समुद्राइतकं खारट नाही, त्यामुळे तरुण किडनी निभावून नेते. काही जणांची किडनी मात्र मीठ सोडायला कचरते. मग बीपी चढतं, आणि त्या चढलेल्या दाबानं मीठ ढकलून बाहेर काढलं जातं. मीठ निघतं, पण रक्तवाहिन्या त्याची किंमत वर्षानुवर्षं देत राहतात.

आईच्या पायावर सूज असेल तर थांबू नका. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय हृदय, तिन्ही तपासून घ्या. नळाचं गोड पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वेगळं राखा, खारं पाणी भांड्या-धुण्याला. पाण्यातून मीठ जातंच आहे, तर ताटातलं मीठ तिच्यासाठी खरोखर कमी करायला हवं.

---

गोठा आणि दावण | १८ मे, रात्री १०.१०

जनावरांच्या दवाखान्यात काम करतो म्हणून एक भर. बैल-गाई मिठाची वीट का चाटतात, त्यातही ॲल्डोस्टेरॉनचाच संबंध. कडब्यात आणि हिरव्या चाऱ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम फारच थोडं. गाईची लाळ दिवसाला शंभर लिटरच्या आसपास सुटते आणि तिच्यात सोडियम असतं. मीठ कमी पडलं की ॲल्डोस्टेरॉन वाढतं, लाळेतलं सोडियम उतरतं आणि त्याच्या जागी पोटॅशियम येतं. मेंढ्यांवर ऑस्ट्रेलियात यावर फार काम झालं आहे. भिंत चाटणारं, दुसऱ्याचं मूत चाटणारं जनावर दिसलं की शेतकऱ्यानं आधी दावणीत मीठ ठेवावं.

---

तेंदू हंगाम | १९ मे, सकाळी ७.००

गोठावाले दादा, लाळेसारखंच माणसाच्या घामाचंही होतं का? आमच्या गावची बायामाणसं पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात, दुपारी पुडके बांधतात, तरी टिकतात. पुण्याहून सुट्टीत आलेला माझा पुतण्या दोन दिवस सोबत गेला आणि तिसऱ्या दिवशी पिंडऱ्यांना गोळे येऊन रडला.

---

संत्राबाग | १९ मे, सकाळी ७.३५

हो, तेच. उन्हात रोज काम करणाऱ्याच्या अंगात ॲल्डोस्टेरॉन वाढलेलं असतं आणि ते घामाच्या ग्रंथींवरही काम करतं, घामातलं मीठ परत ओढून घेतं. सवय नसलेल्याच्या लिटरभर घामात तीन-साडेतीन ग्रॅम मीठ जाऊ शकतं, सवय झालेल्याच्या एक-दीड ग्रॅमवर येतं. ही सवय व्हायला आठ दिवस ते पंधरवडा लागतो. पुतण्याचं शरीर अजून पुण्यातच होतं. पहिल्या आठवड्यात काम निम्मं, सावली जास्त, आणि डब्यात आंबील किंवा मीठ घातलेलं ताक द्या.

आता कालचं राहिलेलं, जेवणाचं. लघवीतून नुसतं पाणी जात नाही, सोबत काही तरी विरघळलेलं लागतंच. मीठ आणि डाळ-दुधातल्या प्रथिनांपासून झालेला युरिया. नीट जेवणारा माणूस दिवसाला साधारण ६०० मिलिऑस्मोल (हे विरघळलेला माल मोजायचं माप) माल किडनीकडे पाठवतो. निरोगी किडनी लिटरला ५० इतकी पातळ लघवी करू शकते, म्हणजे १२ लिटर पाणीसुद्धा बाहेर काढेल. बाबांचं जेवण अर्धं, मीठ बंद. माल समजा ३०० झाला. निरोगी किडनी तरी ६ लिटर काढेल. पण बाबांची लघवी त्या दिवशी ४१० होती. ३०० ला ४१० नं भागा. पाऊण लिटर! दिवसात त्याहून जास्त पाणी लघवीनं बाहेर जाऊच शकत नव्हतं. घाम आणि श्वास सोडला तर बाकीचं सगळं अंगात.

ग्लुकोजच्या बाटलीतलं ग्लुकोज शरीर वापरून टाकतं, मागे उरतं नुसतं पाणी. त्या बाटल्यांनी पातळ रक्त आणखी पातळ झालं.

---

काचेची नळी | १९ मे, सकाळी ११.२०

लॅबमध्ये आहे. थोडक्यात दोन गोष्टी. साखर ४०० च्या वर असेल तर सोडियम कमी दिसतं, कारण साखर पेशींतलं पाणी रक्तात ओढते. म्हणून दोन्ही एकत्रच तपासा. आणि गावाहून नमुना उन्हात डब्यात घालून तीन-चार तासांनी आला तर पोटॅशियमचा आकडा खोटा येऊ शकतो. शक्यतो पेशंटलाच लॅबमध्ये आणा.

---

देवळीची लेक | १९ मे, रात्री ९.३०

सर, दोनदा वाचलं, भावालाही वाचून दाखवलं. लघवीचा आकडा बघताना हात कापत होता.

एक प्रसंग मनात रुतून बसलाय. पहिल्या रात्री त्यांनी ३ टक्क्यांचं सलाईन (मिठाचं घट्ट पाणी) मशीनवर अगदी हळू सोडलं होतं. बाबा डोळे उघडत नव्हते आणि माझा भाऊ सिस्टरला म्हणत होता, जरा वेगानं सोडा ना. त्या नाही म्हणाल्या. दर तासाला लघवीची पिशवी उचलून रेघेवर बघायच्या आणि कागदावर लिहायच्या. पहाटेपर्यंत तासाला ६०-७० मिली येत होती. सकाळी सहाला एकदम ३५० आली, पाण्यासारखी पांढरी. आम्हाला आनंद झाला, आणि डॉक्टर मात्र धावत आले, सलाईन बंद केलं आणि लगेच रक्त घेतलं. तेव्हा १२५ होतं. आनंदाच्या गोष्टीला ते का घाबरले?

---

संत्राबाग | १९ मे, रात्री १०.२५

ताई, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बाबांचा मेंदू वाचवला.

रक्त हळूहळू पातळ होतं तेव्हा मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात. कवटीत फुगायला जागा नाही. म्हणून दोन-तीन दिवसांत त्या आपल्यातला विरघळलेला माल बाहेर टाकतात आणि पातळ रक्ताशी जुळवून घेतात. आता रक्तातलं सोडियम झपाट्यानं वर नेलं, तर त्याच पेशींतून पाणी ओढून काढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण उसवतं. माणूस शुद्धीवर येतो, आणि काही दिवसांनी त्याचं बोलणं, गिळणं, हातपाय जातात. म्हणून चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. ११८ चे १२५, म्हणजे रात्रीत सातची चढ झालीच होती.

आणि ती सकाळी सहाची लघवी. मळमळ थांबली, गोळीचा जोर ओसरू लागला, व्हॅसोप्रेसिन उतरलं. दारं मिटली आणि अडकलेलं पाणी एकदम वाहायला लागलं. त्या वेगानं सोडियम आपोआपच चढतं, वरून सलाईन चालू असेल तर मर्यादा ओलांडतं. म्हणून ते धावत आले.

---

वरुडची माहेरवाशीण | २० मे, दुपारी १२.१०

सासूबाईंना बीपी आहे म्हणून आम्ही सैंधव मीठ सुरू केलं. दुकानदार आता कमी सोडियमचं मीठ घ्या म्हणतोय. कोणतं चांगलं?

---

संत्राबाग | २० मे, दुपारी १.००

सैंधव हेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. बीपीसाठी त्यात काही वेगळं नाही, आणि आयोडीन मिळत नाही ते वेगळंच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनी चांगली असेल तर ते उपयोगी पडू शकतं. पण सासूबाई नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेली गोळी घेत असतील, स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. या गोळ्या ॲल्डोस्टेरॉनचं काम कमी करतात, आणि पोटॅशियम बाहेर टाकणारं तेच आहे. वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. आणि हा धागा वाचून कुणी आपली बीपीची गोळी स्वत:हून बंद करू नका. सोडियम तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा, बदलायची असेल तर ते बदलतील.

---

देवळीची लेक | २३ मे, सायंकाळी ७.४५

काल बाबांना घरी आणलं. सोडियम १३६. ती गोळी बंद, आता ॲम्लोडिपिन आहे. पाणी सध्या दीड लिटर, म्हणून आईनं माठाशेजारी तांब्याऐवजी दीड लिटरची बाटली भरून ठेवली आहे. दुपारी दोन वेळा ओल्या पंच्यानं अंग पुसतो आणि कूलर चालू ठेवतो. जेवणात वरण आणि एक वाटी दही वाढवलं, मीठ बेतानं पण सुरू केलं.

सर, तांब्या मोजला. दुधाच्या मापानं मोजला, ९०० मिली मावतं. आई म्हणते दिवसाला सहा तरी व्हायचे. म्हणजे साडेपाच लिटर, आणि तुमच्या हिशेबानं बाहेर जायला वाट पाऊण लिटरची. मी रोज फोनवर काय सांगत होते ते आठवतं आणि झोप लागत नाही. आई म्हणाली, तुले कसं माहीत असन बाई, कोनालेच माहीत नव्हतं.

आज सकाळी बाबा खाटेवर उठून बसले, गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बैल तं आपन इकले ना?" आई पदरानं डोळे पुसत आत गेली.

२९ तारखेला परत सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं आहे. आकडा आला की इथेच टाकते.